कादंबरी लिहायची आहे? मग आधी माझी गोष्ट ऐका

दिवाळीच्या साफसफाईला पलंग सरकवला, की आमच्या घरात दरवर्षी एकच प्रसंग घडतो. पलंगाखालून चार खोकी बाहेर येतात, त्यांच्यावरची धूळ पुसली जाते आणि ती पुन्हा पलंगाखाली जातात. हे काही बोलत नाहीत. सासूबाईही बोलत नाहीत. मीच आपली उगाच इकडचे तिकडचे बोलत राहते.

यंदा शेजारच्या वहिनी मदतीला आल्या होत्या. खोके उचलताना म्हणाल्या, "अहो, केवढं हे जड! दगड भरलेत की काय?"

"दगड नव्हेत हो वहिनी, कादंबरी आहे. माझीच!"

सहा वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली आणि पदरचे ४५,००० रुपये देऊन तिच्या ३०० प्रती छापून घेतल्या. त्यांतल्या ४१ गेल्या. कशा गेल्या तेही सांगते. २२ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या, ११ नातेवाइकांनी नेल्या, २ शाळेच्या वाचनालयात ठेवल्या आणि ६ विकल्या गेल्या. उरलेल्या २५९ पलंगाखाली आहेत. ते पैसे उभे करायला मी भिशी उचलली होती आणि आईने लग्नात घातलेल्या दोन पाटल्यांपैकी एक मोडली होती.

मला वाटले, आता वहिनी हसणार. पण त्या हातातले फडके बाजूला ठेवून हळूच म्हणाल्या, "मलाही लिहायचीय हो एक. मनात आहे कधीची. कुणाला सांगितलं नाही अजून."

मैत्रिणींनो, अशा वहिनी गल्लोगल्ली असतील. म्हणून हे लिहायला बसले. मी काही नावाजलेली लेखिका नव्हे. शहाडला राहते, सकाळी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते आणि उरलेला वेळ घर सांभाळते. पण वाटेत कुठे खड्डा आहे, हे त्यात पडलेल्या माणसाला जास्त चांगले ठाऊक असते, नाही का?

आपल्याला जमेल का?

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच. त्याला माझे उत्तर म्हणजे काशीबाई कानिटकर. १८६१ सालचा त्यांचा जन्म. लग्न झाले तेव्हा त्या अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांना धड वाचता येत नव्हते. नवऱ्याला वाचनाची भारी आवड, बायकोनेही शिकावे ही त्यांची इच्छा. पण भरल्या घरात सुनेने पुस्तक हाती धरणे म्हणजे टोमण्यांना आमंत्रणच! अशा घरात काशीबाई वाचायला शिकल्या आणि पुढे लिहू लागल्या. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी, म्हणजे माहेरची यमुना, अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचे चरित्र काशीबाईंनीच लिहिले. त्यांची 'रंगराव' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली १९०३ साली, म्हणजे त्यांच्या बेचाळिशीत. आणि 'पालखीचा गोंडा' ही स्त्रियांच्या राज्याची कादंबरी आली १९२८ साली. तेव्हा त्या ६७ वर्षांच्या होत्या!

तेव्हा "आता वय कुठे राहिलं" हे कारण आपण आजपासून बाद करू या.

वेळ कुठून आणायचा?

ह्याचा मी चक्क हिशेब मांडला आहे. माझ्या अक्षरात फुलस्केपच्या एका पानावर साधारण २५० शब्द बसतात. रोज एक पान, आठवड्याला पाच दिवस. शनिवार-रविवार पाहुण्यांना, सणावाराला सोडून दिले. वर्षाचे ५० आठवडे धरले तरी २५० पाने होतात, म्हणजे ६२,५०० शब्द. छापल्यावर दोनशे पानांची कादंबरी! एक पान लिहायला मला पाऊण तास लागतो. दुपारी जेवणानंतरची झाकपाक आणि मुलगी शाळेतून यायची वेळ ह्यांच्यामध्ये तेवढा वेळ निघतो. तो रोज ठरलेला असला, की घरच्यांनाही सवय होते. सासूबाई आता दुपारी आलेल्या फोनवर सांगतात, "ती लिहायला बसलीय. नंतर कर."

कुणी म्हणेल, साने गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली. खरे आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. पण तुरुंगात कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत! शिवाय त्या आठवणी गुरुजींच्या मनात बालपणापासून मुरत होत्या. लोणचे पाच मिनिटांत वाढता येते, म्हणून ते पाच मिनिटांत मुरलेले नसते.

वही वापरा, मोबाइलवर टाइप करा, काहीही करा. फक्त एक पथ्य पाळा. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत मागे वळून दुरुस्त करत बसू नका. मी पहिले प्रकरण अकरा वेळा लिहिले होते. ते अगदी गुळगुळीत झाले आणि बाकीची कादंबरी कोरडी राहिली.

काय लिहायचे?

माझ्या पहिल्या कादंबरीची नायिका पुण्यात बंगल्यात राहत होती, सतार वाजवत होती आणि तिच्यावर एका डॉक्टरचे प्रेम होते. मी आयुष्यात कुठल्या बंगल्यात पंधरा दिवस राहिलेली नाही. सतार तर हातातही धरलेली नाही. वाचलेल्या कादंबऱ्यांवरून मी आणखी एक कादंबरी लिहिली, एवढेच.

आणि माझ्या दाराशी काय होते? कसाऱ्याकडून भरून येणारी सकाळची लोकल आणि तिच्यातला बायकांचा डबा. भाजी निवडत, एकमेकींची सुखदुःखे ऐकत जाणाऱ्या बायका. पलीकडच्या उल्हासनगरात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे, त्यांतल्या एक आजी तर आमच्या सासूबाईंच्या मैत्रीण. आषाढीला बिर्ला मंदिरात विठोबाच्या दर्शनाला लागणारी रांग. कारखान्याच्या पाळ्यांवर चालणारी घरे. ह्यांतले एकही माझ्या कादंबरीत नव्हते. मला वाटायचे, ह्यात काय लिहिण्यासारखे?

मालतीबाई बेडेकरांनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची ती वसाहत. तिथे जे पाहिले त्यातून त्यांची 'बळी' ही कादंबरी झाली, १९५० साली. कविता महाजनांची 'ब्र' २००५ सालची. सरपंच झालेल्या आदिवासी बायकांच्या त्या कथेमागेही त्यांची स्वतःची भटकंती होती. आपल्यापैकी प्रत्येकीपाशी अशी एक जागा असते, जी बाहेरच्या माणसाला दिसत नाही. बँकेचे काउंटर म्हणा, शाळेची टीचर्स रूम म्हणा, नाहीतर दवाखान्याबाहेरचे बाकडे. तिथून सुरुवात करा.

घरचे काय म्हणतील?

हा प्रश्न पुरुष लेखकांना किती छळतो कोण जाणे! आपल्याला मात्र पहिल्या ओळीपासून छळतो. सासू लिहिली, की सासूबाईंना वाटणार ती मीच. नवरा लिहिला, की सगळी सोसायटी ह्यांच्याकडे बघणार.

ह्याच मालतीबाईंनी, तेव्हाच्या बाळूताई खरे ह्यांनी, १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' ह्या टोपणनावाने काढला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातले त्यांनी उघड मांडले आणि एवढी खळबळ उडाली, की ही विभावरी कोण ह्याचा शोध सुरू झाला. टोपणनावाच्या आडोशाने त्यांना लिहिता आले. आपल्यालाही तो रस्ता मोकळा आहे.

दुसरा उपाय मी करते तो सांगते. एक माणूस जसाच्या तसा कधी उचलत नाही. एकीचा स्वभाव, दुसरीची बोलण्याची लकब, तिसरीच्या घरातला प्रसंग. तिन्ही एकत्र मळले, की चौथीच बाई तयार होते. आणि कुणाचे दुखणे, कुणाची फारकत, कुणाचे कर्ज ओळखू येईल असे लिहायचे नाही. शेजारणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट म्हणजे काही आपली मालमत्ता नव्हे.

एवढे करूनही व्हायचे ते होतेच. नव्या कादंबरीतले एक प्रकरण मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्यातली सासू सुनेच्या हातचा चहा कधीच पुरा पीत नाही, कपात घोटभर ठेवते. सासूबाई गप्प बसल्या. माझ्या पोटात गोळा आला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझी सासू अशीच होती गं. तुला कुणी सांगितलं?" आणि मग त्या जे बोलू लागल्या, ते पंधरा वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी माझे एक पानही लिहून झाले नाही. पण दोन प्रकरणे मिळाली.

दाखवायची कुणाला?

लिहून झाल्यावर निदान महिनाभर वही कपाटात ठेवून द्या. नंतर मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य चुकलेले असते.

मग एक खरे बोलणारी वाचक शोधा. बहीण नको, ती कौतुकच करणार. माझी पहिली कादंबरी छापण्याआधी मी फक्त बहिणीला दाखवली होती! आपल्या भागात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. २०१७ साली तर डोंबिवलीत साहित्य संमेलनही भरले होते. वाचनालयात नेमाने येणाऱ्या एखाद्या जुन्या वाचक बाईंशी ओळख काढा. मी तशी काढली. त्यांनी माझी छापील कादंबरी वाचून परत दिली आणि म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या कादंबरीत दोनशे पानांत कुणी भांडी घासत नाही, कुणी पैसे मोजत नाही. ही माणसं जगतात कशी?"

रात्रभर झोप आली नाही. पण बाई खरे बोलल्या होत्या. हेच त्या छापण्याआधी बोलल्या असत्या, तर माझी पाटली वाचली असती.

पुन्हा लिहिण्याची लाज वाटू देऊ नका. 'मौज'चे श्री. पु. भागवत लेखकांकडून पुनःपुन्हा लिहून घेण्याबद्दल प्रसिद्ध होते. भले भले लेखकही ते ऐकत. आपण कोण?

प्रकाशकाकडे पाठवताना

मराठीत प्रकाशक पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची आवड वेगळी. आधी वाचनालयात जाऊन कोण कुठल्या कादंबऱ्या काढतो ते पुस्तकांच्या पहिल्या पानांवर पाहा. मोक्षमार्गाची पुस्तके काढणाऱ्याला प्रेमकथा पाठवून काय उपयोग?

हस्तलिखित टाइप करून घ्या. कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत मोकळी जागा सोडून, पानांना क्रमांक घालून. सोबत एका पानात कथानकाचा सारांश आणि चार ओळींत आपली माहिती जोडा. शेवट सारांशातही लपवू नका. प्रकाशकाला उत्कंठा नको असते, कथा कुठे जाते ते हवे असते. एक प्रत आपल्याजवळ ठेवल्याशिवाय काहीही पाठवू नका. उत्तराला सहा महिनेही लागतात. तोवर रोज फोन करू नये. तीन-चार महिन्यांनी एक सभ्य पत्र पुरे.

'साभार परत' आले तर रडून घ्या, पण पाकीट फेकू नका. माझ्या दुसऱ्या कादंबरीचा पहिला खर्डा एका प्रकाशकाकडून परत आला, त्यासोबत दोनच ओळी होत्या. डब्यातल्या बायकांचा भाग जिवंत आहे, उरलेला भाग रचलेला वाटतो, असा त्यांचा आशय होता. त्या दोन ओळींवर मी गेले वर्षभर काम करते आहे.

एकदम कादंबरी नको वाटत असेल, तर दिवाळी अंकांसाठी कथा लिहा. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कित्येक लेखक-लेखिका ह्याच दाराने आत आल्या. मात्र साहित्य उन्हाळ्यातच पाठवायला हवे. गणपती झाल्यावर पाठवलेली कथा म्हणजे वरात निघून गेल्यावर आणलेला हार!

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजनाही आहे. जाहिरात आली, की त्यातले नियम आणि पानांची मर्यादा नीट वाचून अर्ज करावा. पहिल्याच कादंबरीसाठी राज्य शासनाचा श्री. ना. पेंडसे ह्यांच्या नावाचा पुरस्कारही असतो. पेंडसे स्वतः 'बेस्ट'मध्ये नोकरी करून लिहीत होते, हे विशेष.

पैसे देण्यापूर्वी

आता माझा खड्डा. प्रकाशकांकडे पाठवून वाट पाहायचा मला धीर नव्हता. एका गृहस्थांनी सांगितले, "ताई, दोन महिन्यांत पुस्तक हातात देतो. प्रकाशन समारंभ, वितरण, सगळं आमच्याकडे." मी हुरळले. वितरण म्हणजे चार खोकी दारात आणून टाकणे, हे नंतर कळले. बिलात 'आयएसबीएन'चे २,००० रुपये लावले होते. पुस्तकाचा हा क्रमांक भारत सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था फुकट देते! मीच अर्ज केला असता तर मलाही मिळाला असता. पुढे एका छापखान्यात सहज चौकशी केली, तर तेवढ्याच प्रती निम्म्याच्या आसपास खर्चात झाल्या असत्या.

आणि मी सही केली तो कागद? त्यात सगळे हक्क त्यांच्याकडे होते. किती वर्षे, ते लिहिलेच नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क आपोआप असतो, त्याची नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे तो वारसांकडे राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, आणि करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरतात. हे कळल्यावर मी कॅलेंडरवर खूण करून दिवस मोजले. सुटले एकदाची!

तेव्हा मैत्रिणींनो, सहीपूर्वी एवढे विचारा. हक्क कोणते आणि किती वर्षांसाठी? अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे? प्रती किती? मानधन किती टक्के आणि हिशेब कधी? आणि मुख्य म्हणजे, पैसे कोण कुणाला देणार? खरा प्रकाशक पैसे घालतो, मागत नाही. फार श्रीमंतीची आशाही नको. ३०० रुपयांच्या पुस्तकाच्या ५०० प्रती खपल्या आणि दहा टक्के मिळाले, तर होतात १५,००० रुपये. तेही एकदम नव्हे.

स्वखर्चाने छापणे म्हणजे पाप नव्हे. आजीच्या आठवणी, घराण्याची हकिकत नातवंडांसाठी छापायची असेल तर जरूर छापा. पण मग सरळ छापखान्यात जा, दोन-तीन ठिकाणचे दर घ्या. हल्ली मागणीप्रमाणे पंचवीस-पन्नास प्रतीही छापून मिळतात. पलंगाखालची जागा अंथरुणांसाठी असते!

आणि आता

वहिनींना मी एवढे सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे वेळ गेला, पैसे गेले, पाटली गेली. तरी पुन्हा लिहिताच आहात?"

माझ्या हाताकडे बघत ह्यांनीच उत्तर दिले. खोके पलंगाखाली ढकलत म्हणाले, "पैसे छापण्यात गेले वहिनी, लिहिण्यात नाही गेले. लिहायला फुलस्केपचे कागद लागतात, ते मीच आणून देतो." सहा वर्षांत ह्या विषयावर हे पहिल्यांदाच बोलले. मी आपली फडके झटकायला गॅलरीत गेले.

नवी कादंबरी सध्या १६३ व्या पानावर आहे. ती छापली जाईल की नाही, मला ठाऊक नाही. ते माझ्या हातात नाही. रोजचे पान मात्र माझ्या हातात आहे. पाटलीचे म्हणाल तर उरलेली एक मुलीसाठी ठेवली आहे आणि तिला हात लावणार नाही, असे सासूबाईंसमोर कबूल केले आहे.

काल दुपारी वहिनींचा निरोप आला, "दोन पानं झाली. वाचायला आणू का?" म्हटले, आणा. पण मी बहिणीसारखे कौतुक करणार नाही हं!